कालचा फोटो

दाढीचा साबण अर्ध्या गालावर असताना स्वयंपाकघरातून सासूबाईंचं हसू ऐकू आलं, आणि ह्या बाईला आता वेड लागलं, एवढंच त्याच्या मनात आलं. मुलाच्या मृत्यूची तार आल्यापासून त्या हसल्या नव्हत्या. लेकीकडे राहायला आल्या त्याही एक ट्रंक आणि एक मिटलेलं तोंड घेऊन. तो आघाडीवरून रजेवर घरी आल्यापासून त्या त्याच्याशी जे बोलल्या ते म्हणजे ‘चहा ठेवू का’ आणि ‘पायाखाली बघा, ओलं आहे’. आणि आता हे खणखणीत हसू. तो वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला. सासूबाई ओट्यापाशी सकाळचा पेपर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो त्याच्या नाकासमोर इतका जवळ धरला की त्याला नुसते काळे ठिपके दिसले. ‘बघा, जावईबापू,’ त्या म्हणाल्या, ‘मी म्हणत होते की नाही?’ त्या काहीच म्हणत नव्हत्या, पण आत्ता ते काढण्यात अर्थ नव्हता. त्याने पेपर लांब धरला. पहिल्या पानावर, तीन कॉलमी, त्याचाच फोटो होता. त्याचा म्हणजे त्याने काढलेला. नदीकाठी सैनिक बसले आहेत, कुणी बूट काढून पाय पाण्यात सोडले आहेत, कुणी पत्र्याच्या मगातून चहा पितो आहे, आणि उजवीकडून दुसरा, तोंडात अख्खं बिस्किट कोंबून हसणारा, तो भोपळ्या. बायकोचा धाकटा भाऊ, तार आली होती ती त्याचीच. लहानपणी गोल गरगरीत होता म्हणून भोपळ्या, आणि पलटणीत जाऊन काठी झाला तरी घरात भोपळ्याच. फोटोखाली ओळ होती: ‘आघाडीवरील जवान काल विश्रांतीच्या वेळी’. सासूबाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. ‘काल,’ त्या म्हणाल्या. ‘छापलंय. काल.’

त्या एका शब्दाची त्याला इतकी चीड आली की साबण गालावरून गळ्यात ओघळला तरी त्याला कळलं नाही. काल! लष्कराच्या फोटोंना काल नसतो, हे त्याच्या खात्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रोल आघाडीवरून मागे जायचा, धुतला जायचा, त्यातल्या सगळ्या चौकटींचा एक छोटा छाप निघायचा आणि मग फोटो लोखंडी कपाटात पडून राहायचे. ती पलटण तिथून हलेपर्यंत ते बाहेर काढायचे नाहीत, कारण कुठली माणसं कुठल्या नदीकाठी बसली आहेत हे शत्रूला कळता कामा नये. फोटोवाले म्हणायचे, मुरायला टाकलेत. महिना मुरत, दोन महिने मुरत. मग एक दिवस ते पेपरांना द्यायचे, आणि द्यायच्या आदल्या संध्याकाळी फोटोखालच्या ओळी लिहिणारा माणूस, ज्याला सगळे कविराज म्हणत, प्रत्येक ओळीत एक काल घालायचा. एकदा भर उन्हात काढलेला, घामाने निथळणाऱ्या तोफखान्याचा फोटो ऐन थंडीत ‘काल’ म्हणून छापून आला होता, आणि तंबूत सगळ्या फोटोवाल्यांनी पोट धरून हसून घेतलं होतं. तोही हसला होता. कुणीतरी हा काल खराच काल म्हणून वाचेल, हे त्यांच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. इतकी शिकलेली माणसं, आणि अक्कल म्हणून नाही.

बायको न्हाऊन आली ती केस पुसत पुसतच पेपरावर वाकली. ती हसली नाही, रडली नाही. फोटोच्या कडेकडेने बघत गेली आणि म्हणाली, ‘अहो, हा तुमचा फोटो आहे.’

‘कशावरून?’

‘तुमच्या फोटोत नेहमी कुणाचा तरी पाय कडेला तुटतो. हा बघा, ह्या टोकाच्या माणसाचा तुटलाय.’

‘कुणाचाही तुटू शकतो.’

‘तुमच्याच तुटतो. आपल्या लग्नानंतर बाबांचा काढलात त्यातही तुटलाय.’ तिने केसांचा पंचा खांद्यावर टाकला. ‘आणि काल तुम्ही इथे होतात. काल आपण रॉकेलच्या रांगेत उभे होतो.’

‘मग दुसऱ्या कुणी काढला असेल,’ सासूबाई म्हणाल्या. त्यांना ह्या तपशिलात काडीचाही रस नव्हता. ‘पाय कुणी का तोडेना. तारवाल्यांचा घोळ आहे सगळा. त्या नावाची माणसं काय कमी आहेत पलटणीत? किती वाळलाय गं बाई. नुसत्या बिस्किटाने काय होतंय?’

‘कधीचा आहे?’ बायकोने विचारलं. हळूच विचारलं, पण तिचा आवाज त्याला चांगला ओळखता येत होता. तारेच्या आधीचा की नंतरचा, हा खरा प्रश्न होता, आणि भाऊ मेला की आहे, हा त्याच्याही आतला. त्याच्याजवळ तिन्ही उत्तरं होती. तो म्हणाला, ‘आठवत नाही.’

‘तुम्ही त्याला भेटलात, आणि मला सांगितलं नाहीत?’

‘गर्दीत कळलं नसेल.’

‘आपल्या मेव्हण्याचं तोंड?’

‘कॅमेऱ्यातून माणसं कळत नाहीत,’ तो खेकसला, आणि ते खरं होतं म्हणून त्याला आणखीच राग आला. ‘ऑफिसात जाऊन विचारून येतो. झालं?’ विचारून येतो! म्हणजे विचारण्यासारखं काही आहे, असं झालं. आगीतून उठून फुफाट्यात. सासूबाई लगेच ट्रंक उघडायला गेल्या. बायकोने त्याच्या गालावरचा वाळलेला साबण पंच्याच्या टोकाने पुसला. इतक्या महिन्यांत तिने आपणहून त्याला हात लावला तो हा असा.

बसला उशीर होता आणि तो चालतच निघाला, कारण रांगेतल्या प्रत्येकाच्या काखेत तोच पेपर होता. नदीकाठी तो गेला होता तो जेमतेम अर्धा तास. भोपळ्याची पलटण तिथे थांबली आहे हे त्याला माहीतही नव्हतं. कुणीतरी लांबून ‘भावोजी!’ म्हणून आरोळी ठोकली आणि सगळे सैनिक त्याच्याकडे बघून हसायला लागले, युद्धात भावोजी कुठून आला म्हणून. भोपळ्या चिखलातून धावत आला, त्याने त्याची टोपी उडवली, पाठीत गुद्दा घातला, ताईची चौकशी केली, आईच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि उत्तर ऐकायच्या आत त्याच्या पिशवीतला बिस्किटांचा पुडा काढून घेतला. असाच होता तो. घरी यायचा तेव्हाही आधी फडताळ उघडायचा आणि मग चपला काढायचा. ‘माझा फोटो नको हं भावोजी,’ तोंड भरलेलं असताना तो म्हणाला होता, ‘मी उपाशी दिसतो. आई जीव देईल.’ तो म्हणाला, ‘नाही काढत,’ आणि काढला, कारण पाण्यावरचा उजेड नेमका त्याच्या दातांवर आला होता. असा उजेड मिळाला की फोटोवाला आईला विचारत नाही आणि बापालाही विचारत नाही.

त्याच्या पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. मागच्या तळावर, डॉक्टरांच्या तंबूशेजारी, एक ताडपत्री लावलेली होती, आणि तिच्याखाली त्याचं दुसरं काम असायचं. ह्या कामाबद्दल घरी कुणाला काही ठाऊक नव्हतं. घरच्यांना वाटायचं की तो झेंडे आणि रणगाडे काढतो. लढाईत मेलेला माणूस आणला की त्याचे दोन फोटो घ्यायचे, एक समोरून, एक बाजूने, म्हणजे नंतर ओळखीबद्दल वाद नको. कंटाळवाणं काम. आधी आधी तो त्या दिवशी जेवायचा नाही, मग नुसताच कंटाळा यायला लागला, आणि ह्या कंटाळ्याची लाज वाटायची तीही पुढे वाटेनाशी झाली. त्या दिवशी चौघे होते. तिसऱ्याचा समोरून काढला, रोल पुढे सरकवला, मदतनिसाने डोकं बाजूला वळवलं, आणि कॅमेऱ्याच्या काचेत एक कान आला. एवढुसा, वरून जरा टोकदार, पाळी गालाला चिकटलेली. असा कान तो रोज रात्री उशीवर आपल्या शेजारी बघत आला होता. समोरून त्याला कळलं नव्हतं. समोरून तो एक धुळीने भरलेला, तोंड मिटलेला मुलगा होता, आणि भोपळ्याचं तोंड मिटलेलं त्याने जन्मात कधी पाहिलं नव्हतं. हसायचा, नाहीतर खायचा, नाहीतर दोन्ही. कानावरून मेव्हणा ओळखला, असं कुणाला सांगायचं? तेव्हापासून तो घरी बायकोच्या उजव्या बाजूला बसत नव्हता. तिने एकदोनदा विचारलं, तेव्हा खिडकीतून वारा लागतो म्हणाला.

आणि मग ती पत्रं. ह्या पत्रांचा विचार आला की त्याला रस्त्यातच थांबून स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटायची. सरकारी तार घरी पोचायच्या आधी फोटोवाल्याने काही कळवायचं नाही, असा नियम होता. नियम चांगलाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. त्या संध्याकाळी त्याने बायकोला लिहिलं, हवा बरी आहे, खोकला कमी आहे, मोजे पोचले. तार जायला दिवस लागले. मग तिचं पत्र आलं, दोनच ओळींचं, अक्षर वेडंवाकडं, आणि त्याला उत्तर म्हणून त्याने लिहिलं, ‘तुझं पत्र वाचून मोठा धक्का बसला.’ का लिहिलं? तोवर तार पोचली होती, नियम संपला होता, मी त्याला पाहिलं एवढं लिहायला काही आडकाठी नव्हती. पण आधीच्या पत्रात मोजे होते. मोज्यांच्या पत्रानंतर हे कसं लिहायचं, ह्यात एक दिवस गेला, आणि टपालाची गाडी निघत होती, आणि धक्का बसला हे लिहायला सोपं होतं. माणूस मोठमोठ्या पापांनी बुडत नाही, टपालाच्या गाडीने बुडतो. आता रजेवर आल्यावर सांगू म्हटलं, तर घरात सगळं निवलं होतं. सासूबाई गप्प होत्या, बायको कामाला जाऊ लागली होती. भरत आलेल्या जखमेची खपली कशाला काढा, असं तो स्वतःला म्हणाला होता. शहाणा! आता खपली पहिल्या पानावर तीन कॉलमी निघाली होती.

माहिती खात्याचं ऑफिस एका शाळेत होतं. युद्धामुळे शाळा बंद, आणि मोठमोठे अधिकारी मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. कविराज चित्रकलेच्या वर्गात बसत. भिंतीवर अजून पोरांनी काढलेले हत्ती होते. त्याला बघताच त्यांनी हात पसरले. ‘या, या! पहिलं पान! सगळ्या पेपरांनी उचललाय. काय हसलाय हो तो बिस्किटवाला!’

‘हा फोटो कालचा नाही.’

‘अहो, कुठलाच नसतो.’

‘मग लिहिता कशाला?’

‘म्हणजे काय? शिळा पाव कोण घेतं?’

‘तो बिस्किटवाला मेलाय,’ तो म्हणाला. ‘माझा मेव्हणा होता. आणि माझी सासू घरी त्याची वाट बघत बसलीय.’

कविराजांनी चष्मा काढला. वाईट माणूस नव्हता तो, खरी पंचाईत तीच होती. ‘अरेरे,’ ते म्हणाले, आणि उठून त्याच्यासाठी स्वतः बाक ओढला. मग, अगदी मऊ आवाजात, ‘पण मग तुम्ही फुली का नाही मारली?’ फुली. मुरत पडलेल्या फोटोतला एखादा माणूस मधल्या काळात गेला, तर ज्याने तो फोटो काढला त्यानेच छापावर लाल पेन्सिलीने त्या चौकटीवर फुली मारायची, म्हणजे ती चौकट कधीच पेपरात जात नाही. नेमकं असलं काही घरच्यांवर कोसळू नये म्हणून. मेलेल्यांचे फोटोही तुमचे, जिवंतांचेही तुमचे, तेव्हा जुळवायचं तुम्हीच. त्या रोलचा छाप त्याच्याकडे आला होता. त्याने लाल पेन्सिल घेतली होती. अंगठ्याएवढा भोपळ्या अंगठ्याएवढं बिस्किट खात होता. ज्याला ताडपत्रीखाली पाहिलं त्याच्यावर पुन्हा फुली कशाला, असं वाटलं की नुसताच कंटाळा आला, हे त्याला आता सांगता आलं नसतं. त्याने छाप तसाच परत पाठवला. रोज माणसांवर फुल्या मारणारा हात एका हसणाऱ्या थोबाडापाशी अडला, आणि त्याची फळं आता ही सासू भोगणार. दयामाया करायची तर तीही धड करता येऊ नये माणसाला.

मेजर विज्ञानाच्या प्रयोगशाळेत बसायचे, नळ असलेल्या टेबलापाशी. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दुरुस्ती छापता येणार नाही, ते म्हणाले, कारण एक काल खोटा निघाला की शत्रू आपले सगळे काल तपासायला बसेल. ‘घरी सांगा तुम्ही. मृत्यू काही गुप्त नाही. तारीख तेवढी गुप्त आहे.’

‘म्हणजे मेव्हणा मेलाय हे सांगायचं, पण फोटो कालचा नाही हे सांगायचं नाही?’

‘बरोबर.’

‘मग तो काल बिस्किट खात होता, त्याचं काय सांगू?’

मेजरांनी समोरचा नळ उगाच सोडून बंद केला. त्याला पाणी नव्हतंच. ‘तो तुमचा कौटुंबिक प्रश्न आहे,’ ते म्हणाले.

परत येताना ऊन डोक्यावर आलं होतं आणि शहराचा त्याला वीट आला. ह्या शहराला लढाई म्हणजे रॉकेलची रांग आणि रात्री खिडक्यांना लावायचा काळा कागद. माणसं मोकळा रस्ता असताना हिरव्या दिव्याची वाट बघत उभी राहतात. पेपरवाल्याने दोरीला चिमट्याने लावलेले पेपर वाऱ्यावर हलत होते, आणि सगळ्यांवर भोपळ्या हसत होता. एक बाई काचेच्या दुकानातून बाहेर आली, तिच्या हातातल्या पेल्यांभोवती तोच पेपर गुंडाळलेला, दात तेवढे वर आलेले. तो फोटोकडे बघायला थांबला आणि पहिल्यांदाच त्याने तो घरच्यांसारखा बघितला. उजेड, पाणी, उघडे पाय. काल विश्रांतीच्या वेळी. खरोखर, का नाही? दूर कुठेतरी ती नदी अजून आहे, दगड तेच आहेत, आज ह्या वेळी तिथे हाच उजेड पडला असेल. ताडपत्रीखाली एक कान होता, बस, तेवढंच; जगात एकाच घरात काय असे कान होतात? समोरून तर त्यालाही कळलं नव्हतं. तो तिथे फूटपाथवर उभा राहिला आणि त्याच्या पोटात, हसू नव्हे, पण काहीतरी हसण्यासारखं हललं. मग त्याला आठवलं की मदतनिसाने त्याच संध्याकाळी त्या मेलेल्याच्या शर्टाच्या खिशातला बिस्किटाचा चुरा झटकला होता. त्याने खाडकन पाऊल उचललं. इतकी मोठी आशा, आणि आपण स्वतः ती एवढा वेळ धरली! मग ज्या बाईने काही पाहिलेलंच नाही तिने किती वेळ धरावी? तारीख सांगून सासूची ही आशा काही संपणार नाही, हे त्याला तेव्हा स्वच्छ कळलं. फोटो जुना आहे म्हटलं तर ती म्हणेल, असेना. तार तिने कधी मानलीच नव्हती. हे संपवू शकेल अशी एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे ‘मी पाहिलं’. ती म्हटली की ती पत्रं उघडी पडली, आणि बायको गेली. बायको घर सोडून जाणार नव्हती, तेवढं त्यालाही कळत होतं. घरातच राहून जाईल, आणि ते जास्त वाईट. बोललं तर ती जाते आणि न बोलावं तर म्हातारी दाराकडे डोळे लावून झिजते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तो दिवसभर इकडेतिकडे बसून, एका बागेत आणि मग एका स्टेशनच्या बाकावर, संध्याकाळी घरी आला, तर घरात पाहुणे. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर खुर्चीवर ऐसपैस बसून चहा पीत होते. मागच्या लढाईत म्हणे एकाचं नाव चौकातल्या हुतात्म्यांच्या दगडावर कोरलं, आणि दगडाची रंगरंगोटी चालू असताना तो माणूस समोर येऊन उभा राहिला. ‘स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय,’ पोस्टमास्तर म्हणाले. ‘स्वतःचं नाव वाचत होता.’ सासूबाईंनी त्यांना आणखी एक कप दिला. ही असली माणसं शेजारी असताना शत्रूची गरजच काय? त्याने बूट काढले, ते जोराने आपटले, आणि पोस्टमास्तरांना इशारा कळला. जाता जाता त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि अभिनंदन म्हणाले. दार लागलं. बायको स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी होती. दिवसभर तिने हेच ठरवलं असणार, की विचारायचं नाही, तो सांगेल.

‘इकडे या, पाठ करून उभे राहा,’ सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर लोकर होती. सकाळपासून त्यांनी आपला जुना स्वेटर उसवून नवा विणायला घेतला होता आणि पाठीचा तुकडा काखेपर्यंत आणला होता. सुया अजून त्यातच होत्या. ‘भोपळ्या तुमच्याच अंगाचा. तुमच्या हातीच पाठवते, परत जाल तेव्हा. हात वर करा.’ तो पाठ करून उभा राहिला आणि त्याने हात वर केले, कारण सासूला नाही म्हणायचं त्याला अजून जमलं नव्हतं. लोकर त्याच्या पाठीला लागली. सुईचं टोक मानेखाली टोचलं. म्हातारीची बोटं काखेपासून काखेपर्यंत वीत वीत मोजत गेली, आणि ती बोटं भोपळ्याच्या पाठीवर फिरत होती, त्याच्या नाही. समोर चौकटीत बायको उभी होती, केस कानामागे घेतलेले. ‘फोटोत फारच बारीक दिसतोय,’ सासूबाई मागून म्हणाल्या. ‘चार टाके कमी करू का हो? की तिकडे खाऊनपिऊन भरेल परत? तुम्ही पाहिलंय त्याला. तुम्हाला कसा वाटला?’

‘अहो, घेऊ नका त्याचं माप!’ तो ओरडला. त्याला असं सांगायचं नव्हतं. बसवून, हात हातात घेऊन, पाणी जवळ ठेवून सांगायचं होतं. स्टेशनच्या बाकावर त्याने वाक्यंसुद्धा जुळवली होती. आणि आता तो मारकुट्या मास्तरासारखा ओरडत होता, हात अजून वरच. ‘मेलाय तो! मी पाहिलाय. मागच्या तळावर आणला होता. मेलेल्यांचे फोटो घ्यावे लागतात, ओळखीसाठी, एक समोरून, एक बाजूने, ते मीच घेतो, माझंच काम आहे ते. तुमची तार त्या फोटोंवरून आली. आणि हा पेपरातला त्याच्या आधीचा आहे, कळलं? त्या गाढवांना तारीख कळत नाही! काल नाही हा! काल नाही!’

पाठीवरची बोटं थांबली. मग लोकर खाली गेली. तो वळला तेव्हा सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि सुईवरून सुटलेला एक टाका परत चढवत होत्या. बायको होती तिथेच होती.

‘म्हणजे माझ्या आधी तुम्हाला माहीत होतं,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘ते पत्र लिहिलंत तेव्हा.’

‘दोन्ही पत्रं लिहिली तेव्हा.’

ती आत गेली नाही, बाहेर आली नाही. तिने फक्त चौकटीला टेकवलेला खांदा काढून घेतला, जणू ती चौकटही त्याची वस्तू होती. त्याला वाटलं, आता कुणीतरी ओरडावं. आपल्यावर ओरडावं, भांडं आदळावं, निदान रडावं. कुणी काही करेना, आणि त्याचाही त्याला संताप आला.

‘डोळे मिटलेले होते?’ सासूबाईंनी विचारलं.

‘नाही. ओळखीसाठी उघडे ठेवावे लागतात.’

‘मग तसेच ठेवलेत?’

‘नंतर मिटले. मी मिटले.’

त्यांनी मान हलवली. एवढं काम ठीक झालं, अशी. ‘कुठे लागलं होतं?’

‘छातीत. तोंडाला काही नव्हतं. नुसती धूळ होती.’

‘पुसलीत?’

‘पुसली.’

‘तो आहे, हे तुम्हाला आधी कळलं, की फोटो काढल्यावर?’

खोटं बोलायला हीच जागा होती, आणि तो इतका थकला होता की त्याला ते सुचलं नाही. ‘पहिल्याच्या नंतर,’ तो म्हणाला. ‘मग दुसरा काढला.’

‘कळल्यावर काढलात.’

‘हो.’

सासूबाईंनी सुया लोकरीत खोचल्या. त्याच्या चेहऱ्याकडे त्यांनी बघितलं नाही, त्याच्या हातांकडे बघितलं; कुठेतरी ठेवायचे राहिले असावेत तसे ते मध्येच लोंबत होते. ‘हात कापला नाही तुमचा?’

‘नाही,’ तो म्हणाला, आणि लगेच, जणू कामातच कुणी चूक काढली होती, ‘कापून कसं चालेल? फोटो हलला की ओळख पटत नाही. ओळख पटली नाही की माणूस मेलेल्यांत धरत नाहीत, बेपत्ता धरतात. मग घरी मेल्याची तार येतच नाही. बेपत्ता म्हणून कळवतात, आणि लोक जन्मभर दाराकडे बघत बसतात.’

दूध उतू जात असताना जवळच उभ्या असलेल्या माणसाला बोलावं, त्या सुरात सासूबाई म्हणाल्या, ‘मग कापू द्यायचा होता की हो.’